विश्लेषण : सिगारची ‘पारख’ नेमकी कशाची? पानाची की नावाची?

फेब्रुवारी १९६२. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी एका संध्याकाळी आपले माध्यम सचिव पिएर सॅलिंजर यांना बोलावले आणि उद्या सकाळपर्यंत हजारभर सिगार हवेत, असे सांगितले. सिगारही ठरलेले होते, क्युबाचे ‘पेटिट उपमन’. सॅलिंजर यांनी वॉशिंग्टनमधील दुकाने पालथी घातली आणि १,२०० सिगार जमवले. दुसऱ्या दिवशी हा आकडा ऐकल्यावर केनेडी यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला आणि त्यावर सही केली. तो क्युबाशी व्यापार बंद करण्याचा आदेश होता. ही हकिगत खुद्द सॅलिंजर यांनी १९९२ मध्ये लिहिली. ती बंदी आजही उठलेली नाही. सिगारच्या शौकाला तिने एक कायमचा पेच घालून दिला. शौकीन ज्याची तुलना करतात, गुण देतात, साठवून ठेवतात, ते पान असते की त्यावरच्या कागदी पट्ट्यावरचे नाव?

प्रीमियम सिगार म्हणजे काय?

महाग तो प्रीमियम, अशी समजूत आहे. पण फरक किमतीपेक्षा बनावटीचा आहे. प्रीमियम सिगार हाताने वळलेला असतो आणि त्यात तंबाखूच्या पानांशिवाय काहीच नसते. यंत्रावरच्या स्वस्त सिगारमध्ये तंबाखूचा चुरा असतो, वरचे आवरणही अनेकदा तंबाखूच्या लगद्यापासून केलेला कागद असतो. हाताने वळलेल्या सिगारमध्ये सिगारच्या लांबीइतकी अख्खी पाने घातलेली असतात.

त्याचे तीन भाग असतात. आतले सारण म्हणजे फिलर, ते बांधून ठेवणारे पान म्हणजे बाइंडर आणि सर्वात वरचे नितळ पान म्हणजे रॅपर. फिलरमध्येही पानांची विभागणी असते. रोपाच्या तळाकडचे ‘वोलादो’ पान सौम्य असते, पण चांगले जळते. मधले ‘सेको’ सुगंध देते. शेंड्याकडचे ‘लिहेरो’ पान जास्त ऊन खाते, जाड होते, सावकाश जळते आणि सिगारला कडकपणा देते. म्हणून वळणारा कारागीर ते नेहमी मधोमध ठेवतो. या तीन पानांचे प्रमाण म्हणजेच त्या सिगारची पाककृती.

चव येते कुठून?

क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता अबाहो नावाचा पट्टा आहे. तेथील लालसर माती आणि दमट हवा यांमुळे तिथला तंबाखू जगात अव्वल मानला गेला. पण माती ही केवळ सुरुवात आहे. तोडलेली पाने खोपटांत टांगून काही आठवडे वाळवतात. मग ती ओलसर करून एकावर एक रचतात. या ढिगाचे तापमान आपोआप चढत जाते, पानातला अमोनिया बाहेर पडतो, तिखट कच्चेपणा जातो आणि कोको, लाकूड, चामडे, मिरी यांची आठवण करून देणारे वास तयार होतात. थोडक्यात, पान आंबवले जाते. त्यानंतर ते गासड्यांत बांधून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे मुरत ठेवतात.

सिगार जितका काळा तितका कडक, हा समज इथेच खोटा ठरतो. ‘मादुरो’ रॅपरचा गडद रंग बहुतांशी जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे येतो, आणि असा सिगार बऱ्याचदा गोडसर लागतो. उलट कनेक्टिकट राज्यात कापडी मांडवाच्या सावलीत वाढवलेले फिकट पान असले, तरी आत लिहेरो भरपूर असेल तर तोच सिगार नवख्याला घेरी आणू शकतो.

तुलना करायची तर कशी?

पहिली अट म्हणजे आकार सारखा हवा. सिगारची जाडी ‘रिंग गेज’मध्ये मोजतात. एक रिंग म्हणजे एका इंचाचा ६४वा भाग. पाच इंच लांब आणि ५० रिंगचा ‘रोबुस्तो’ साधारण २० मिलिमीटर जाड असतो. साडेसात इंची, ३८ रिंगचा ‘लान्सेरो’ जेमतेम १५ मिलिमीटर. रॅपर हे बाहेरचे आवरण असल्याने त्याचे प्रमाण परिघावर ठरते, तर फिलरचे क्षेत्रफळावर. साधे गणित केले तर लान्सेरोमध्ये फिलरच्या तुलनेत रॅपरचा वाटा रोबुस्तोपेक्षा सुमारे ३२ टक्के जास्त भरतो. त्यामुळे एकाच पाककृतीचे दोन आकार वेगळे लागतात आणि एका कंपनीचा जाड सिगार दुसऱ्या कंपनीच्या बारीक सिगारशी ताडून पाहण्याला अर्थ उरत नाही.

दुसरी अट गतीची. शौकीन मिनिटाला साधारण एक झुरका घेतात. घाई केली की टोक तापते आणि चव कडू होते. सिगारचे तीन भाग मनाशी धरून प्रत्येक टप्प्यावर नोंद करायची पद्धत आहे, कारण जळत जाताना धूर तापतो आणि चव बदलत जाते. ओढ मोकळी आहे की अडखळते, जळण्याची कड सरळ आहे की एका बाजूला पळते, राख घट्ट आहे की भुसभुशीत, यावरून वळणाऱ्याचा हात कळतो.

तिसरी अट सर्वात अवघड. नाव दिसता कामा नये. १९९२ मध्ये मार्विन शँकन यांनी सुरू केलेल्या ‘सिगार अफिशिओनाडो’ या अमेरिकी नियतकालिकाने १०० गुणांची पद्धत रुजवली. तेथे परीक्षकांपुढे येणाऱ्या सिगारवरचा मूळ पट्टा काढून केवळ सांकेतिक क्रमांकाचा पांढरा पट्टा लावतात. रूप व बांधणी, जळण्याची रीत, चव आणि एकूण ठसा अशा निकषांवर गुण पडतात. ९५ किंवा त्याहून अधिक गुणांचा सिगार ‘क्लासिक’ ठरतो. अशा चाचण्यांत निकाराग्वाच्या ‘पद्रोन’ने क्युबाच्या दिग्गजांना मागे टाकून वर्षातील सर्वोत्तम सिगारचा मान एकाहून अधिक वेळा मिळवला आहे.

एकाच नावाचे दोन सिगार कसे?

१९६० मध्ये फिदेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने क्युबातील सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. अनेक मालक आणि कारागीर देश सोडून गेले. त्यांनी डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा येथे नवे मळे आणि कारखाने उभे केले. जाताना काहींनी नावावरचा हक्कही सोबत नेला. क्युबाच्या सरकारनेही तीच नावे चालू ठेवली. म्हणून आज ‘मोंतेक्रिस्तो’, ‘रोमिओ इ हुलिएता’, ‘पार्तागास’ ही नावे दोन वेगळ्या सिगारवर दिसतात, एक क्युबाचा आणि दुसरा अमेरिकेच्या बाजारासाठी बहुधा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये केलेला. पाने वेगळी, माती वेगळी, समान आहे ते फक्त नाव.

या नावांनाही इतिहास आहे. हवानाच्या कारखान्यांत काम चालू असताना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक असे. ही प्रथा १८६५ मध्ये सुरू झाली. अलेक्झांडर द्यूमा यांच्या ‘द काउंट ऑफ मोंटे क्रिस्टो’ या कादंबरीवर कामगारांचा इतका जीव होता, की ‘मोंतेक्रिस्तो’ हे नाव त्यातूनच आले असे सांगतात.

‘कोहिबा’चा वाद वेगळा आहे. हे नाव क्रांतीनंतर, १९६६ मध्ये जन्मले. आधी ते सिगार कॅस्ट्रो आणि परदेशी पाहुण्यांपुरते होते, १९८२ पासून बाजारात आले. मात्र अमेरिकेत एका कंपनीने १९७८ मध्येच या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला होता. क्युबाने त्याला आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने त्या कंपनीची नोंदणी रद्द ठरवली आणि प्रकरण पुढे न्यायालयात गेले.

नावाची किंमत किती, हेही त्याच वर्षी दिसले. क्युबाच्या सिगारची जगभर विक्री करणाऱ्या ‘हाबानोस’ने २०२२ मध्ये ‘कोहिबा’ आणि ‘त्रिनिदाद’ यांचे दर सर्वत्र हाँगकाँगच्या पातळीवर नेले. काही देशांत ते दुपटीच्या पुढे गेले. सप्टेंबरमध्ये ‘इयन’ चक्रीवादळाने पिनार देल रिओतील तंबाखू वाळवण्याची खोपटी उद्ध्वस्त केल्याने टंचाईत भर पडली. नाव महाग झाले की नकलेचा धंदाही वाढतो. क्युबात पर्यटकांना रस्त्यावर स्वस्तात विकले जाणारे ‘कोहिबा’ बहुधा बनावट असतात. काचेचे झाकण असलेली कोहिबाची पेटी ही तर नकलेची ठरलेली खूण मानली जाते.

साठवणीला इतके महत्त्व का?

सिगारमधला ओलावा हवेनुसार बदलतो. कोरडा पडला तर भराभर जळतो आणि तिखट लागतो, जास्त ओला झाला तर ओढ बसते आणि बुरशी धरते. म्हणून ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखणारी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर वापरतात. तिला आतून ‘स्पॅनिश सीडर’ची फळी असते. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, आणि ते खरे सीडरही नव्हे, आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे.

पावसाळ्यात ८० टक्क्यांच्या वर जाणारी मुंबईची हवा आणि उन्हाळ्यात ३० टक्क्यांच्या खाली उतरणारी विदर्भाची हवा, दोन्ही सिगारला घातक. पेटीतला आर्द्रतामापक बरोबर आहे का, हे पाहण्याची घरगुती युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालायचे, ते मापकासोबत बंद डब्यात दिवसभर ठेवायचे. आतली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार अंकांनी मागे आहे. उष्णता वाढली की पानात दडलेली भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोके पडतात. हा तोच किडा, जो हळदीच्या साठ्यालाही लागतो.

भारताचा याच्याशी संबंध काय?

मराठीतला ‘चिरूट’ हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला, अर्थ वळलेले. त्याच शब्दाचे इंग्रजांनी ‘शेरूट’ केले. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलचे चिरूट ब्रिटिश काळात विलायतेला जात. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्या कथेत राखेवरून ओळखला जातो तो ‘त्रिचनापल्ली’चाच चिरूट. आंध्रच्या किनारी जिल्ह्यांतील श्रमिक स्त्री-पुरुष वळलेल्या पानाला ‘चुट्टा’ म्हणतात. तेथे अनेक स्त्रिया त्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यातून टाळूचा कर्करोग होतो, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधकांनी अनेक वर्षांच्या पाहणीतून दाखवले. चुट्टा ओढणारीला मात्र कोणी पारखी म्हणत नाही.

कायद्याने मात्र हा भेद केलेला नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या यादीत सिगारेट, विडी, सिगार आणि चिरूट एकाच रांगेत आहेत. जाहिरातीला बंदी, १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री करण्यास बंदी, वेष्टनावर सचित्र इशारा हे नियम आयात सिगारलाही लागू होतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे.

धूर आत ओढत नाहीत, मग धोका कसला?

शौकिनांचा हा सर्वात जुना युक्तिवाद. अर्धे खरे इतकेच, की धूर छातीत न घेणाऱ्याच्या फुप्फुसांना सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा कमी धूर लागतो. पण सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो. त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. तलफ लागण्यासाठी झुरका छातीपर्यंत न्यावा लागत नाही.

प्रमाणही लक्षात घ्यायला हवे. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असतो, मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम. काही प्रीमियम सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू भरतो, असे अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था सांगते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसे यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध याच संस्थेने नोंदवला आहे. ज्या आंबवण्यातून चव येते, त्याच प्रक्रियेत नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक द्रव्ये वाढतात. ज्या घट्ट रॅपरचे कौतुक होते, त्यातून हवा कमी खेळते आणि पान अपुरे जळते, म्हणून धुरात विषारी घटक जास्त राहतात. हे दोष वाईट सिगारचे नाहीत, उत्तम सिगारचेही आहेत. आणि शरीर पट्टा वाचत नाही.

महिन्यातून एखादा ओढणाऱ्याचा धोका रोज ओढणाऱ्याइतका नसतो, हे खरे. म्हणून तो शून्य होत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रीमियम सिगार अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांखाली आणले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ते नियम या सिगारपुरते रद्द केले. प्रशासनाने निर्णय घेताना समोर आलेला पुरावा नीट विचारात घेतला नाही, हा त्याचा आधार होता. सिगार निर्धोक असल्याचा निर्वाळा त्यात नाही. विक्रेते मात्र तो तसा सांगू शकतात.

मग पारख कशी करावी?

जो या शौकात आहे, त्याने एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. सारख्या आकाराचे, वेगवेगळ्या किमतीचे तीन सिगार घ्यावेत, मित्राला पट्टे काढून क्रमांक घालायला सांगावे आणि वेगवेगळ्या दिवशी ओढून नोंदी कराव्यात. नाव शेवटी उघडावे. महागडा सिगार तिसरा आला, तर पैसे कशाचे मोजले जात होते हे कळेल. आणि जो या शौकात नाही, त्याला रॅपर, रिंग गेज, ह्युमिडॉर हे सगळे एकही सिगार न पेटवता समजू शकते. त्यासाठी सुरुवात करण्याची गरज नाही.