संग्रहालयातील सायंकाळ आणि कोर्लईची बोली

संग्रहालयातील वस्तू मुक्या असतात. नाट्य आणि हस्तकला त्यांना मुलांशी बोलते करतात. याच विचाराने मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले.

मुरुड तालुक्यातील कोर्लईचा ठेवा मात्र काचेच्या कपाटात ठेवता येणारा नाही. १७४० मध्ये पोर्तुगीज येथून गेले. तरीही येथील कॅथलिक कुटुंबांनी पोर्तुगीज व मराठीच्या संपर्कातून घडलेली बोली जपली. ‘नोलिंग’, अर्थात ‘आपली भाषा’, बोलणारे आज हजाराच्या आसपासच आहेत. शाळा व बाजाराची भाषा मराठी असल्याने ही बोली घरापुरतीच उरली आहे.

आजीची कथा मुलांनी सायंकाळी याच बोलीत रंगमंचावर आणावी, पालकांनी सोबत कागदी किल्ला व होडी घडवावी. पुढील पिढीच्या ओठी राहिली, तरच ही बोली जगेल.