कॅमेऱ्याआधी वायर

आमच्या घरी पहिल्यांदा कॅमेरे लावले तेव्हा फाटकावरचा कॅमेरा दिवसभर नीट चालायचा आणि अंधार पडला की बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा बंद. दोनदा कॅमेरा बदलून आणला. दोष निघाला वायरीत. म्हणून आपण दुकानात कॅमेऱ्यांची चित्रं बघण्याआधी त्यांच्या मागचं सामान ठरवू.

एक मजली बंगला आणि चार कॅमेरे धरू: फाटक, मागचं दार, जिना, गाडीची जागा. आधी प्रत्येक ठिकाणापर्यंतचं अंतर मोजा. सरळ नव्हे, वायर भिंतीवरून जशी वळणं घेत जाईल तसं. नेटवर्कची वायर सलग १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते.

वायफाय कॅमेऱ्याने वायर वाचते असं वाटतं, पण बहुतेकांना विजेची वायर लागतेच. शिवाय कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफायचा जोर ओसरतो. खात्री करायची तर दारं लावून, फोन घेऊन फाटकाशी उभे राहा. बैठकीतल्या एखाद्या कॅमेऱ्याला वायफाय पुरे, बाहेरच्यांना वायरच बरी.

आता पीओई स्विच. स्विच म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी. पीओई असेल तर त्याच वायरीतून ती कॅमेऱ्याला वीजही देते. इथे बरेच जण फसतात. ८ पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या ८ जागा, असल्या तरी ८ कॅमेरे चालतीलच असं नाही. साध्या पीओईत एका पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात, पण सगळ्या पोर्टांची मिळून एक वेगळी मर्यादा असते. ती ६० वॅट असेल आणि प्रत्येक कॅमेरा १० वॅट ओढत असेल, तर सहा कॅमेऱ्यांनंतर गाडी अडते. फिरणारा कॅमेरा त्याहून अधिक वीज खातो. त्याला ३० वॅटचा पोर्ट लागू शकतो. खोक्यावर ‘पॅसिव्ह पीओई’ लिहिलेलं स्वस्त यंत्र टाळा. ते समोर काय जोडलंय हे न पाहता वीज सोडतं.

वायर कॅट-६ घ्या आणि शुद्ध तांब्याचीच घ्या. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट दिसली की परत करा. आमच्या फाटकाचं दुखणं हेच. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे, सुरू होतात आणि तो जास्त वीज मागतो. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं.

चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरची हार्ड डिस्क हिशोब करून निवडा. दर सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो, चार मिळून १७३. म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाऊन आलात, तर पहिल्या रात्रीचं काही हाती लागणार नाही. ४ टीबीत तीन आठवडे निघतात.

रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही. ते लागतं बाहेरून फोनवर पाहायला. त्यासाठी राउटरचे पोर्ट, म्हणजे इथे इंटरनेटवरून आत यायच्या वाटा, बाहेरच्यांना उघडून ठेवू नका, आणि कॅमेऱ्यांचा कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. बदललेला पासवर्ड बसवणाऱ्याच्या वहीत नको, आपल्याकडे हवा.

वीज गेल्यावर राउटर आणि रेकॉर्डर यूपीएसवर चालतात, पण माळ्यावरचा स्विच त्याला जोडायचा राहून जातो आणि चारही कॅमेरे आंधळे होतात.

काम झालं की बसवणारा पैसे मागेल. एक रात्र थांबा. अंधार पडल्यावर चारही चित्रं तासभर न अडखळता चालली, तरच हिशोब चुकता करा.