शस्त्र पेललेल्यांची शांतिवाणी

युद्धाला विरोध करणारा मनुष्य भित्रा असतो, असा समज सर्रास आढळतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळ रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले आहे. शाक्य संघात सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडला. शस्त्रविद्येत निपुण असलेल्या सिद्धार्थाने भर सभेत त्यास विरोध केला आणि लवादाचा मार्ग सुचविला. संघाने तो नाकारला, तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली.

आपल्या काळात हे धैर्य ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांनी दाखविले. १९३३ साली मुंबईत जन्मलेल्या रामदासांनी १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस ब्यास’ या युद्धनौकेचे नेतृत्व केले; त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. १९९० ते १९९३ या काळात ते नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करीत त्यांनी भारत व पाकिस्तानातील सामान्य नागरिकांच्या संवादासाठी स्वतःला वाहून घेतले. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अण्वस्त्रांविरुद्ध ते जाहीरपणे बोलत राहिले. शेजारी देशांत क्षेपणास्त्र काही मिनिटांत पोहोचते. तेथे चूक सुधारण्यास अवधीच उरत नाही. २००४ साली पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रहमान यांच्यासमवेत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १५ मार्च २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

अशा विरोधाचे मोल अधिक का? कारण तो अनुभवातून येतो. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, ही कबुली जेत्या अशोकानेच शिलालेखात कोरून ठेवली आहे.

आपला समाज सैनिकांचा आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. आजही सोलापुरातील आमच्या वसतिगृहातील मुले भरतीसाठी पहाटे धावतात. त्यांना आम्ही अडवीत नाही. एकदा एका निवृत्त जवान पालकांना मुलांनी उत्साहाने विचारले, “तुम्ही किती शत्रू मारले?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, “बाळांनो, तोही कुणाचा तरी मुलगाच होता.”

वर्गात आम्ही युद्धांच्या सनावळ्या शिकवितो. त्यांच्यासोबत ते मौनही शिकविले पाहिजे, असे त्या दिवसापासून आम्हांस वाटते.