अधूनमधूनचं दुखणं

साफ बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करणं त्यामानाने सोपं. एरवी धडधाकट चालणारा आणि मध्येच कधीतरी मान टाकणारा कॉम्प्युटर मात्र भल्याभल्यांना दमवतो. दुकानात नेला की दिवसभर शहाण्यासारखा चालतो. घरी आणला की रात्री साडेआठला गप्प. ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालला’ हे दुकानदाराचं वाक्य खोटं नसतं. त्याची वीज वेगळी, खोली वेगळी.

परभणीसारख्या जिल्ह्यात अशा यंत्रांत असेंबल केलेल्यांचा भरणा मोठा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट असं सुटंसुटं घेऊन जोडलेला डेस्कटॉप खिशाला परवडतो आणि पुढे हवा तसा वाढवता येतो. 2001च्या सुमारास एमएस-सीआयटी आली, गावोगावी क्लास निघाले आणि तिथल्या टेबलांवर ही यंत्रं रांगेने बसली. आज ती आपले सरकार सेवा केंद्रात सातबारा छापतात, डीटीपीवाल्याच्या लग्नपत्रिका जुळवतात, पोरांचे गेम चालवतात. पार्ट नांदेड-संभाजीनगरहून येतात, पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले जातात. मेख एवढीच की, सबंध यंत्राला धनी कोणीच नसतो. रॅमवाला बोर्डाकडे बोट दाखवतो, बोर्डवाला एसएमपीएसकडे. पीक विम्याची शेवटची तारीख आणि बाहेर रांग असताना हा वाद ऐकायला कोणाला वेळ असतो?

माझं मत असं की, हा तपास कॅबिनेटच्या स्क्रूपासून नव्हे, भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू व्हावा. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव आपल्याकडे इतका सर्रास आहे की लोक त्याला यंत्राचा स्वभाव समजतात. कारण सरळ आहे. एसएमपीएसच्या आत, वीज शिरते त्या तोंडाशी, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याकडे जाणारे दोन बारीक कपॅसिटर असतात. विजेतला कचरा अर्थिंगवाटे जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर निम्मा दाब, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण कचऱ्याला बाहेर जायची वाट बंद झालेली असते.

त्यात आपली काळी माती. ओली असते तेव्हा वीज छान वाहून नेते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि मीठ-कोळसा घालून भरलेला खड्डा नावापुरता उरतो. जाणता वायरमन मल्टिमीटरने तीन आकडे बघतो: फेज-न्यूट्रल 230च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढाच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा वीस-तीसवर गेला तर न्यूट्रल ढिला आहे किंवा अर्थिंग कोरडं आहे. अशा वेळी नवी रॅम आणण्याआधी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतावं. फुकटचं काम आहे.

दुसरा संशयित इन्व्हर्टर. लाईट जाते, पंखा तसाच फिरत राहतो, कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर वीज तुटल्यानंतर 16-17 मिलिसेकंद तग धरतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो. तो साध्या मोडवर असला तर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो, शिवाय खूप उतरलेला व्होल्टेजही तसाच पुढे सोडतो. खटका ‘यूपीएस’कडे केला की तो लवकर वळतो. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकदम लागतात, डीपीवर भार येतो आणि व्होल्टेज बसतो. रात्री साडेआठचं गूढ पुष्कळदा इथेच उकलतं.

अशा वेळी विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर 41’ दिसतं आणि मंडळी घाबरतात. ती नोंद कारण सांगत नाही. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. निळी स्क्रीन न येता थेट अंधार झाला तर वीज किंवा एसएमपीएस, आणि निळ्या स्क्रीनवर दर वेळी निराळा कोड आला तर आधी रॅम, हा ढोबळ अंदाज मात्र कामाचा आहे.

उन्हाबद्दल थोडक्यात. पारा 42-43 वर गेला की खोली तापते, तेवढाच प्रोसेसरही तापतो. एसएमपीएस आणि बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं. माथा फुगलेला दिसला की त्याचा निकाल लागला समजा. मानवत-सेलूकडच्या कापसाच्या पट्ट्यात धुळीबरोबर तंतूही उडतात आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमदा तयार होतो. वरून फुंकर मारून तो निघत नाही, पंखा उतरवूनच काढावा लागतो.

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासणं हा आपल्याकडचा ठरलेला उपचार. त्याने गुण येतो, पण तो बहुधा घासल्याचा नसून रॅम काढून पुन्हा नीट बसवल्याचा असतो. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, सारखं घासू नये. मग बायोसमधला एक्सएमपी बंद करून रॅम साध्या वेगावर चालवावी आणि मेमटेस्ट रात्रभर लावावी. दोन कांड्या असतील तर एकेक काढून बघावी. एका वेळी एकच बदल, आणि तारीख-वेळ वहीत. तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्याचं यंत्र सुधारतंही, पण दोष कशात होता हे त्याला कळत नाही.

कधी कधी दोष खरोखर सर्वांत महागड्या भागात निघतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर असेच अधूनमधून पडत. लोकांनी गेमला, बोर्डाला, ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. 2024मध्ये कंपनीने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता; ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही. असा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट करावा, तरीही पडला तर बदलून मागावा.

वॉरंटीत पाठवलेला अधूनमधून बिघडणारा भाग ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत येऊ शकतो. तिकडे तो थंड खोलीत, सरळ विजेवर तपासला जातो. म्हणून सोबत वहीचं पान आणि यंत्र पडतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ पाठवावा. व्हिडिओत यंत्राशेजारी सॉकेटला लावलेला मल्टिमीटरही दिसू द्यावा. आकडा 230च्या आसपास असतानाही यंत्र पडलं, तर निदान ‘तुमची लाईट खराब आहे’ एवढं तरी ऐकावं लागत नाही.