भूमिपुत्रांचे संघ आणि मालकांची भूमी

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या चाहत्यांना एका काल्पनिक खेळाची मोठी हौस आहे. ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ अर्थात एनबीए या संघटनेचे तीसही संघ विसर्जित करावेत, प्रत्येक खेळाडूला त्याच्या मूळ गावी परत पाठवावे आणि ज्या त्या प्रदेशाने आपापल्या सुपुत्रांचा संघ उभा करावा. मग कोणता प्रदेश अजिंक्य ठरेल, असा हा खेळ. कॅलिफोर्निया की न्यूयॉर्क, ओहायो की टेक्सास, यावर हिरिरीने वाद घातले जातात. वरवर पाहता ही रिकामपणची करमणूक वाटेल. तथापि श्रमिकाचे स्थलांतर, त्याच्या श्रमावरील मालकी आणि प्रदेशाचा त्याच्यावरील हक्क असे अर्थशास्त्रातील जुने आणि बिकट प्रश्न या खेळाच्या पोटात दडलेले आहेत. ‘भूमिपुत्र’ हा शब्द ज्या महाराष्ट्राच्या राजकारणात १९६० च्या दशकापासून गाजतो आहे, तेथील वाचकाला तर हे प्रश्न मुळीच परके वाटू नयेत.

मूळ गाव कोणते?

पहिली अडचण व्याख्येचीच आहे. लेब्रॉन जेम्स आणि स्टीफन करी हे या काळातील दोन श्रेष्ठ खेळाडू. दोघांचाही जन्म ओहायो राज्यातील अॅक्रन या शहरातला. पहिल्याचा १९८४ चा, दुसऱ्याचा १९८८ चा. तेव्हा जन्मस्थान हाच निकष धरला, तर दोघे ओहायोच्या संघात आले. परंतु करीचे वडीलही व्यावसायिक खेळाडू होते आणि त्यांच्या नोकरीपायी मुलाचे बहुतेक बालपण नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे गेले. चेंडू हाताळायला तो तेथे शिकला. मग त्याच्यावर हक्क कोणाचा?

बिल रसेल याचे उदाहरण याहून बोलके आहे. बॉस्टन सेल्टिक्स या संघाला तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवून देणारा हा खेळाडू १९३४ साली लुइझियाना राज्यातील मन्रो येथे जन्मला. वर्णद्वेषाचा जाच आणि रोजगाराची वानवा यांमुळे त्याच्या कुटुंबाने ते गाव सोडले आणि कॅलिफोर्नियातील ऑकलंड गाठले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सुमारे १९७० पर्यंत साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय अमेरिकनांनी दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे जे महास्थलांतर केले, त्यातलेच हे एक कुटुंब. ज्या भूमीने त्यांना माणूस म्हणून वागविले नाही, तिने आता रसेलला आपला सुपुत्र म्हणून मिरवावे, असे जन्मस्थानाचा निकष सांगतो. भूमी मुलाला जन्म देते. त्याला घडविते ती शाळा, वस्तीतले मैदान आणि संध्याकाळी घरी न जाता शिकवीत राहणारा एखादा शिक्षक. हा भेद ध्यानात ठेवला, तरच पुढचा विचार सरळ होईल.

कल्पनेतली योजना प्रत्यक्षात

आजच्या चाहत्यांना जे केवळ कल्पनारंजन वाटते, ते काही अंशी एकदा अमलात आलेले होते, ही गोष्ट फारशी आठवली जात नाही. ही संघटना १९४६ साली स्थापन झाली, ती मुख्यतः मोठमोठ्या क्रीडागृहांच्या मालकांच्या पुढाकाराने. बर्फावरील हॉकीचे सामने नसतील त्या रात्री रिकाम्या खुर्च्या भराव्यात, हा त्यांचा रोकडा हेतू. त्या काळी व्यावसायिक सामन्यांपेक्षा महाविद्यालयीन सामन्यांना गर्दी अधिक होई. तेव्हा मालकांनी ‘प्रादेशिक निवडी’चा नियम केला. नव्या खेळाडूंची वार्षिक वाटणी करताना, आपल्या शहराच्या पन्नास मैलांच्या परिसरातील महाविद्यालयाचा एखादा खेळाडू हवा असल्यास, पहिल्या फेरीतील आपला क्रमांक सोडून देऊन संघाला तो आधीच राखून ठेवता येई. गावातला लाडका मुलगा गावच्याच संघात दिसला की तिकिटे खपतील, असा हा हिशेब होता. १९६५ पर्यंत हा नियम टिकला. प्रदेशाचा अभिमान हा त्यात मालकाच्या दृष्टीने विक्रीचा माल होता.

याच नियमाने १९५९ मध्ये विल्ट चेंबरलेन फिलाडेल्फिया वॉरियर्सकडे आला. त्याने महाविद्यालयीन खेळ केला तो दूरच्या कॅन्सस राज्यात. पण कॅन्ससच्या परिसरात संघटनेचा एकही संघ नाही आणि मुलगा शाळेत असताना फिलाडेल्फियात खेळला, या आधारावर त्या संघाच्या मालकाने त्याच्यावर हक्क सांगितला आणि तो मान्य झाला. चेंबरलेन खरोखरच त्या शहराचा होता. तेव्हा भूमिपुत्राला त्याची भूमी मिळाली, असे म्हणावयास हरकत नव्हती. २ मार्च १९६२ रोजी त्याने एकाच सामन्यात शंभर गुण केले. तो विक्रम अद्याप अबाधित आहे. आणि त्याच वर्षी वॉरियर्स संघाची विक्री झाली व नव्या मालकांनी तो खेळाडूंसह उचलून सॅन फ्रॅन्सिस्कोला नेला. ज्याला जन्मभूमीच्या नावाने बांधून घेतले होते, त्याला जन्मभूमीपासून हजारो मैल दूर नेताना कोणाला प्रादेशिक नियमाची आठवण झाली नाही. नियम खेळाडूला लागू होता, मालकाला नव्हता. १९६५ च्या जानेवारीत चेंबरलेन पुन्हा फिलाडेल्फियात आला खरा. पण तो गावच्या ओढीने नव्हे, तर तीन खेळाडू आणि रोख रक्कम यांच्या बदल्यात, एका नव्या संघाकडे.

दुसरा प्रादेशिक खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन. जन्म टेनेसीतला, शालेय कीर्ती इंडियानापोलिसची, महाविद्यालय ओहायोतील सिनसिनाटीचे. या शेवटच्या दुव्यावर सिनसिनाटी रॉयल्स संघाने १९६० मध्ये त्याला राखून घेतले. दहा वर्षे त्याने तेथे काढली. १९७० मध्ये त्याला मिलवॉकीकडे सोपविण्यात आले आणि त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्याने त्याने एनबीएवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. करार संपल्यावरही खेळाडूला जुन्या मालकाशी जखडून ठेवणारी जी तरतूद होती, तिच्यावर या दाव्याचा मुख्य रोख होता. १९७६ मध्ये तडजोड होऊन ती तरतूद गेली. आज खेळाच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंच्या पदरात पडतो, त्याचा पाया या लढ्याने घातला. आणि सिनसिनाटीचा तो रॉयल्स संघ? तो १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला गेला आणि १९८५ मध्ये सॅक्रमेंटोला.

संघांनाच गाव नसते

ही भटकंती अपवादात्मक नाही. लेकर्स हे नाव मिनेसोटातील तळ्यांवरून आलेले. संघ १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि नाव तसेच राहिले. न्यू ऑर्लिअन्स हे जॅझ संगीताचे माहेर. तेथील जॅझ संघ १९७९ मध्ये उटाह राज्यात गेला, तोही नावासकट. सिअॅटलच्या लोकांनी चार दशके ज्याच्यासाठी गळा फोडला, तो सुपरसॉनिक्स संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलविण्यात आला. ‘आमचा संघ’ म्हणणाऱ्या नागरिकाची मालकी त्याच्या अंगातल्या सदऱ्यापुरतीच असते. खेळाडू पैशांसाठी गाव सोडतो अशी तक्रार करणाऱ्यांनी, भांडवल कोणत्या निष्ठेने गाव सोडते, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर एक निबंध लिहिला. खेळाडूला बांधून ठेवले नाही तर श्रीमंत संघच सारे गुणवंत पळवतील, हा मालकांचा युक्तिवाद त्यांनी तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की, खेळाडू बांधलेला असो वा मुक्त, अखेर तो बहुधा तेथेच जाऊन पोहोचतो जेथे त्याच्या खेळाचे मोल सर्वाधिक. फरक पडतो तो इतकाच की, बंधन असेल तर हे मोल मालक खिशात घालतो आणि मुक्तता असेल तर खेळाडू. चेंबरलेनची कहाणी म्हणजे या सिद्धांताचे जणू प्रात्यक्षिकच आहे.

अभिमानाची बाजू

याचा अर्थ मातीचा अभिमान खोटा, असे मात्र नव्हे. स्पेनमधील बिल्बाओ शहराचा अॅथलेटिक क्लब हा फुटबॉल संघ शतकाहून अधिक काळ केवळ बास्क प्रदेशातील खेळाडू घेतो आणि तरीही देशाच्या सर्वोच्च श्रेणीतून एकदाही खाली घसरलेला नाही. २०२४ मध्ये त्याने चाळीस वर्षांनंतर राजाचा चषक जिंकला, तेव्हा शहर रस्त्यावर लोटले होते. पण या संघाने आपली व्याख्या हळूहळू रुंदावली आहे, हे विसरता कामा नये. बास्क रक्ताऐवजी बास्क मैदानावर घडलेला, हा निकष आला म्हणूनच घानातून आलेल्या आईबापांचे विल्यम्स बंधू त्या विजयात होते. शिवाय हे बंधन संघाने स्वतःवर घालून घेतलेले आहे. बास्क खेळाडूला माद्रिदला वा इंग्लंडला जाण्याची मनाई नाही.

स्लोव्हेनियाची लोकसंख्या एकवीस लाखांच्या घरात. तरी या चिमुकल्या देशाने २०१७ मध्ये बास्केटबॉलचे युरोपीय विजेतेपद मिळविले. त्या संघातील अठरा वर्षांचा लुका डॉन्चिच वयाच्या तेराव्या वर्षीच माद्रिदच्या क्लबात शिकावयास गेला होता, आणि पुढे तो अमेरिकेत गेला. राष्ट्रीय संघ हाच खरा भूमिपुत्रांचा संघ. पण तो वर्षातून काही आठवड्यांचा असतो आणि त्यासाठी उरलेले वर्ष कोणाला डांबून ठेवावे लागत नाही. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत एनबीएचा सर्वोत्तम खेळाडूचा मान ग्रीस, सर्बिया, कॅमेरून व कॅनडा येथे जन्मलेल्यांनाच मिळाला. प्रत्येकाला त्याच्या गावी बसविले असते, तर त्यांचेही नुकसान झाले असते आणि खेळाचेही.

आपल्यालाही या प्रश्नाचा एक धडा मिळालेला आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायर कौंटीने आपल्या हद्दीत जन्मलेल्यांनाच खेळविण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या पाळली. १९६८ नंतर अजिंक्यपद दुरावले आणि अखेर १९९२ मध्ये हे दार उघडले. त्या दारातून बाहेरचा पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून आत गेला तो शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. भूमिपुत्रांसाठी राखलेली एक जागा परक्याला खुली झाली, तिचा लाभ एका मराठी मुलाला झाला. तेव्हा आपण त्याचा आनंदच मानला होता.

मातीचे देणे

मग ज्या मातीने खेळाडू घडविला, तिला काहीच मिळू नये काय? मिळावे, परंतु ते खेळाडूच्या पायातील बेडीच्या रूपाने नव्हे, तर उत्पन्नातील वाट्याच्या रूपाने. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने यासाठी एक साधी तरतूद केली आहे. करार चालू असताना एखादा खेळाडू एका देशातील क्लबातून दुसऱ्या देशातील क्लबात गेला, तर त्यासाठी मोजलेल्या रकमेचा पाच टक्के भाग बाजूला काढून, बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत त्याला ज्यांनी ज्यांनी शिकविले त्या क्लबांत वर्षांच्या प्रमाणात वाटला जातो. खेळाडूला जगभर हिंडण्याचे स्वातंत्र्य राहते आणि गावातल्या गरीब क्लबालाही त्याच्या कष्टाचे मोल मिळते.

अमेरिकन बास्केटबॉलमध्ये असे काही नाही. युरोपातील क्लब आपला खेळाडू करारातून मोकळा करताना पैसे वसूल करतात. ऑकलंडच्या वा इंडियानापोलिसच्या सार्वजनिक शाळेच्या वाट्याला मात्र भिंतीवरील एका छायाचित्रापलीकडे फारसे काही येत नाही.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. २००८ मध्ये पहिल्या लिलावाच्या वेळी तेंडुलकर मुंबईचा, गांगुली कोलकात्याचा, द्रविड बंगळूरचा अशी ‘मानचिन्ह’ खेळाडूंची प्रादेशिक वाटणी केली होती, तीही तिकिटे खपावीत म्हणूनच; आणि त्याच लिलावात रांचीचा महेंद्रसिंह धोनी चेन्नईचा झाला व पुढे त्या शहराचे दैवतही झाला. प्रेक्षकांच्या प्रेमाला जन्माचा दाखला लागत नाही, हे त्यातून दिसले. या अफाट उत्पन्नातून राज्य संघटनांना अनुदान मिळते. परंतु खेळाडू ज्या मैदानावर, ज्या शाळेत, ज्या गुरूपाशी घडला, त्यांच्याशी ते जोडलेले नाही. कबड्डीची लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिचे खेळाडू तर तालुक्यातालुक्यांतील मंडळांच्या मातीच्या मैदानांवर घडतात आणि त्या मंडळांच्या तिजोरीत बहुधा वर्गणीखेरीज काहीच नसते. लिलावात उच्चारल्या जाणाऱ्या प्रत्येक आकड्याचा पाच टक्के भाग, मालकाच्या खिशातून, त्या मंडळाकडे आणि शाळेकडे गेला, तर मालकाचे दिवाळे निघणार नाही आणि खेळाडूचे काही हिरावले जाणार नाही.

भूमिपुत्रांचे संघ कल्पनेतच राहू द्यावेत. तेथे ते शोभतात. लेब्रॉन आणि करी एकाच ओहायोच्या संघात खेळताना पाहण्याचे सुख चाहत्यांनी जरूर घ्यावे. परंतु प्रत्यक्षात ‘भूमीचा हक्क’ म्हणून कोणी काही मागू लागला की, ते मागणे खेळाडूकडे आहे की मालकाकडे, एवढे एक पाहून घ्यावे. खेळाडूकडून निष्ठेची मागणी करणारे आजवर पुष्कळ झाले. मालकाकडून हिशेब मागणारे अद्याप पुढे यावयाचे आहेत.