जीप ‘मिसिंग’ मारते तेव्हा...

खानदेशात घरची जीप ही नुसती हौसेची वस्तू नसते. तीच वऱ्हाड नेते, तीच खताची पोती आणते, आणि रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला नशिराबादहून जळगावला पोचवायचं तर तेही तिनेच. गाडी पुरुषमंडळींची खरी, पण तिच्या दुरुस्तीचे पैसे घरखर्चाच्या डब्यातूनच जातात. म्हणून मैत्रिणींनो, या विषयात आपण थोडं नाक खुपसलं तर बिघडत नाही!

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या भाऊजींची जुनी फोर-व्हील डिझेल जीप अजिंठ्याच्या घाटात धापा टाकू लागली. सपाटीवर थरथर, चढावर ताकदच नाही. शहरातल्या एका गॅरेजने ऐकताक्षणी सांगून टाकलं, ‘इंजिन खोलावं लागेल.’ जाऊबाईंचा चेहरा उतरला. लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम डोळ्यांसमोरून जाताना दिसली ना!

इंजिन खोलायचं की नाही, हे ठरवायला आधी डिझेलचं तंत्र समजून घ्यावं. ते अवघड नाही. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. सायकलचा पंप जोरजोरात मारला की खालून गरम लागतो, आठवतं? तसंच इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा उडाला की आपोआप पेटतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. म्हणजे लागतात तीनच गोष्टी: भरपूर हवा, स्वच्छ डिझेल आणि पुरेसा दाब. यातली पहिली दोन तपासणं स्वस्त, तिसरी महाग. शहाण्या मिस्त्रीने स्वस्तापासून सुरुवात करायची असते.

धूर बघायला तर पैसेही पडत नाहीत. काळाकुट्ट धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आपला स्टोव्ह काजळी धरतो ना, तसंच. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणि जिनिंगच्या दिवसांतला कापसाचा भुगा यांनी एअर फिल्टर गच्च बसतो. टर्बोची गाडी असेल तर हवेचा रबरी पाइप फाटल्यानेही असाच धूर येतो, आणि रेस दिली की फुसफुस ऐकू येते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर घाबरू नये. पण गाडी तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र गाडी तिथेच थांबवावी. हेड गॅस्केट गेल्याची ती खूण असू शकते.

आमच्या जीपला धूर जवळजवळ नव्हताच. सकाळी मात्र सुरू व्हायला फार त्रास द्यायची, हातपंप दहा-वीस वेळा मारला की सुरू व्हायची आणि थोड्या वेळाने पुन्हा मिसिंग. टाकी अर्ध्याखाली गेली की जास्तच. भाऊजींनी हे सगळं गावातल्या एका वयस्कर फिटरला सांगितलं. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी एक साधा प्रयोग केला. टाकीची नळी काढून इंजिनजवळ स्वच्छ डिझेलचा कॅन ठेवला, त्यातून थेट डिझेल दिलं आणि लाइनमधली एअर काढली. इंजिन कसं एकसुरात चालू लागलं! म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक, दाबही ठीक. दोष टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत. शोधल्यावर रबरी नळीला क्लिपपाशी बारीक चीर सापडली. गंमत अशी की त्या चिरेतून डिझेलचा थेंबही गळत नव्हता. पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे चिरेतून बाहेर काही येत नाही, उलट हवा आत जाते. हातभर नळी, दोन क्लिपा आणि नवा डिझेल फिल्टर, एवढ्यात काम झालं. फीचे पैसे बँकेतच राहिले.

दर वेळी इतकं स्वस्तात सुटेलच असं नाही. नोझल खराब असेल तर जुन्या साध्या पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून आवाज ऐकतो; ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. नव्या कॉमन रेल गाडीत मात्र हे मुळीच करू देऊ नये. मोटारीच्या टायरात दोन-अडीच बार दाब असतो, तिथे डिझेलच्या नळीत हजार बारच्याही वर. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो! अशा गाडीला स्कॅनरच लावावा लागतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ बहुधा असतोच. रोज नुसत्या गावातल्या गावात फेऱ्या मारल्या तर तो तुंबतो आणि गाडी आपणहून ताकद कमी करते. त्याचा दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेवर एकसारख्या वेगाने गाडी न्यावी.

कधी इंजिन बिचारं निर्दोष असतं. रेस वाढते पण गाडी पुढे सरत नाही, तेव्हा क्लच प्लेट बघा. एखादं चाक हात लावता येऊ नये इतकं तापलं तर ब्रेक धरतोय. आणि शेतातून आल्यावर फोर-व्हीलचा दांडा तसाच राहिला, तर डांबरी रस्त्यावर जीप जखडल्यासारखी चालते, वळताना तर फारच.

एवढं सगळं करूनही गॅरेजवाला ‘इंजिन खोला’ म्हणालाच, तर आधी कॉम्प्रेशन मोजून प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून मागा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फारच कमी आला, तर तो खरं बोलतोय. काम झाल्यावर बदललेले जुने भाग पिशवीत घालून घरी आणायचे, आणि तारीख व किलोमीटर वहीत मांडून ठेवायचे. आमच्या जाऊबाईंनी त्यासाठी दुधाच्या हिशोबाच्या वहीचीच मागची पानं धरली आहेत.