समजून घ्या : ‘झू’ जमतो, मग ‘झीरो’चा ‘जीरो’ का होतो?

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन ज्या तालुक्यात येते, त्या झरी जामणीचे नाव इंग्रजीत ‘झेड’ने सुरू होते. मात्र याच अक्षराचा इंग्रजी उच्चार अनेक मराठी भाषकांना चकवतो. ‘झू’ सहज जमतो. ‘झीरो’ म्हणताना ‘जीरो’ होतो. असे का?

मराठीचा नियम काय?

मराठीत ‘ज’ आणि ‘झ’ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत. ‘जागा’, ‘झाड’ म्हणताना जीभ दातांमागे जाते. ‘जिरे’, ‘झिम्मा’ म्हणताना टाळूकडे. ‘माझा’ आणि ‘माझी’ लागोपाठ म्हणून पाहिले की फरक जाणवतो. पुढे इ, ई किंवा य आला की दातांजवळचा उच्चार टाळूकडे सरकतो. इंग्रजी ‘झेड’ मात्र पुढे कोणताही स्वर आला तरी जागा सोडत नाही. म्हणून ‘झू’ मराठीच्या सवयीत बसतो, ‘झीरो’ आणि ‘झिप’ बसत नाहीत. सीमेपलीकडच्या तेलंगणातील तेलुगूतही ‘ज’चे असेच दोन उच्चार आहेत. त्यामुळे घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांनाही हीच अडचण येऊ शकते.

अर्थ बदलतो का?

बदलतो. इंग्रजीत ‘झेलस’ म्हणजे तळमळीने काम करणारा, तर ‘जेलस’ म्हणजे मत्सरी. मुलाखतीत स्वतःविषयी सांगताना एवढी चूकही महागात पडू शकते.

सराव कसा करायचा?

आधी ‘स्स्स’ असा आवाज लांबवावा. जीभ न हलवता त्यात गळ्याचा आवाज मिसळावा. गळ्यावर बोट ठेवल्यास कंप जाणवतो आणि भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते. हाच इंग्रजी ‘झेड’. ‘जीप’मधल्या ‘ज’ला जीभ टाळूला टेकते आणि हवा क्षणभर अडते; इथे ती अडता कामा नये. गुणगुण न थांबवता ‘ई’ जोडावी, मग ‘झीरो’ म्हणावे. ‘डॉग’च्या अनेकवचनात शेवटी ‘एस’ लिहितात, पण तिथेही ध्वनी हाच असतो.

चूक कोणाची?

राज्यातील शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. वर्गात ‘जीरो’ म्हणणाऱ्या मुलाला हसण्याचे कारण नाही. त्याच्या जिभेने मराठीचा नियम अचूक पाळलेला असतो; इंग्रजीत तो लागू नाही, एवढेच त्याला सांगायचे असते.